वाघीण एकाच सांध्यावर पुन्हा पुन्हा घसरते? आधी ती काचेवर ठेवा

मॉडेल रेल्वेच्या किटमधून बांधलेली नवी वाघीण (मालगाडीचा डबा) सरळ रुळावर छान धावते, वळणही घेते, पण सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा, आला की घसरते. उचलून ठेवली तर पुढच्या फेरीला पुन्हा तिथेच. चाके पुसली, सांधा कानशीने घासला, पोटात वजन भरले. दोन दिवस बरी चालली आणि मग परत तेच. जळगाव-भुसावळकडच्या मॉडेल करणाऱ्या मंडळींत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि एप्रिल-मे आला की तो जास्तच येतो. त्याला कारण आहे.

बहुतेक वेळा दोष सांध्याचा नसतो. चेसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, पीळ पडलेला असतो. चारपैकी तीन चाके रुळावर टेकतात आणि चौथे किंचित अधांतरी राहते. हा पीळ पुष्कळदा आपल्या खानदेशच्या उन्हाळ्यात, चिकटवताना किंवा चिकटवल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत पडतो. म्हणून सांध्याला हात लावण्याआधी गाडी तपासा. चांगला सांधा घासून बिघडवला की मग प्रत्येकच गाडी तिथे घसरायला लागते आणि मूळ दोष कुठे होता ते कळेनासे होते.

पुढचे आकडे एचओ मापाचे आहेत, म्हणजे १:८७ प्रमाण आणि १६.५ मिमी गेज (दोन रुळांमधले अंतर). आपले ब्रॉडगेज १६७६ मिमीचे. १:८७ ने ते १९.३ मिमी व्हायला हवे. पण तयार रूळ, सांधे आणि चाके १६.५ मिमीचीच मिळतात, म्हणून आपण सगळे बॉक्सएन (वरून उघडी वाघीण) त्यावरच पळवतो. समोरून पाहिले तर गाडी थोडी अरुंद चाकांवर उभी दिसते, पण चालण्यात त्याने अडत नाही.

दोष गाडीचा की रुळाचा?

हे ठरवायला पाच मिनिटे लागतात. घसरणारी वाघीण त्या सांध्यावरून हाताने हळू ढकला. मग तीच फिरवून, मागचे तोंड पुढे करून ढकला. त्यानंतर दुसऱ्या एका, खात्रीच्या वाघिणीने तेच करा. एकच वाघीण सगळ्या सांध्यांवर त्रास देत असेल तर दोष तिचा. सगळ्याच गाड्या एका जागी उडत असतील तर दोष रुळाचा. वाघीण एका दिशेने घसरते आणि फिरवली की नीट जाते, असे झाले तर कोणत्या कोपऱ्याचे चाक उतरते ते नीट बघून त्या कोपऱ्यावर पेन्सिलने खूण करा. पुढचे सगळे काम त्या कोपऱ्याभोवतीच असते.

रुळाचा दोष निघाला तर त्याचेही एक कारण आपल्या हवेतच असते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, पारा दहाच्या आसपास असताना, रूळ टोकाला टोक भिडवून ठोकले तर मे महिन्यात ते वाढायला जागा उरत नाही. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ ३५ अंशांच्या फरकाने अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. गच्चीवरच्या खोलीत किंवा पत्र्याखाली लेआउट, म्हणजे मॉडेल रुळांची मांडणी, असेल तर हा फरक सहज पडतो. मग रूळ बाजूला फुगतो, आणि तो नेमका सांध्याजवळ फुगतो, कारण सांधा खिळ्यांनी घट्ट धरलेला असतो. थंडीत रूळ टाकताना दर मीटरला पाऊण मिलिमीटरची फट ठेवली की हा प्रश्न येत नाही. आधीच टाकलेले असतील तर जोडाजवळ बारीक करवतीने तेवढी फट पाडून घ्या. रुळाबद्दल एवढे पुरे. बाकीची गोष्ट गाडीची आहे.

काच आणि कागद

काचवाल्याकडून ५ मिमी जाडीचा, साधारण वहीच्या आकाराचा तुकडा घ्या आणि कडा घासून मागा. प्लायवूड, टेबल, ग्रॅनाइटचा ओटा यांतले काहीच याच्याइतके सपाट नसते. वाघीण काचेवर उभी करा आणि एकेका कोपऱ्यावर बोटाने हलकेच दाबा. कुठेतरी 'टिक' असा आवाज आला आणि गाडी डुलली, तर पीळ आहे.

आमच्या गल्लीतले आप्पा भुसावळ यार्डात कॅरेज अँड वॅगनला, म्हणजे डबे तपासणाऱ्या खात्यात, होते. त्यांना एकदा अशी वाघीण दाखवली तर त्यांनी बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाले, "डबा हालस ना भाऊ, म्हणीसन उतरस." एवढेच निदान, आणि ते पुरेसे आहे.

पीळ किती आहे तेही मोजता येते. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. त्याच्या पट्ट्या कापून अधांतरी चाकाखाली सरकवा आणि गाडी डुलायची थांबेपर्यंत वाढवत जा. तीन पट्ट्या मावल्या तर चाक ०.३ मिमी वर आहे. हा आकडा लहान वाटतो, पण एचओच्या नेहमीच्या चाकाची फ्लँज, म्हणजे आतल्या बाजूची उंच कड, ०.६ मिमीच्या आसपास असते. म्हणजे रुळाच्या आत राहून चाकाला अडवणारी अर्धी फ्लँज गेलीच.

सरळ रुळावर एवढ्याने भागून जाते, कारण उरलेली तीन चाके वाट धरून ठेवतात. सांध्यात मात्र क्रॉसिंग येते. तिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो आणि चाकाला फट ओलांडावी लागते. त्या क्षणी चाकाला वाट दाखवण्याचे काम समोरच्या बाजूची चेक रेल, म्हणजे रुळालगत आतून लावलेली जादा पट्टी, करते, तीही पलीकडच्या चाकाची आतली बाजू धरून. यातले एक चाक वर तरंगत असेल तर फ्लँज क्रॉसिंगच्या टोकावर चढते. म्हणूनच गाडी नेहमी तिथेच घसरते आणि दोष सांध्याचा वाटतो.

पीळ येतो कुठून

पहिले कारण चिकटवण्याचे. प्लास्टिक किटसाठी आपण पातळ सॉल्व्हंट वापरतो. ते प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करते, पण त्यासाठी ते जोडाच्या फटीत पोहोचेपर्यंत पातळ राहायला हवे. अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या करणाऱ्यांकडे मिळणाऱ्या पातळ सॉल्व्हंटमध्ये पुष्कळदा डायक्लोरोमिथेन असते, आणि ते साधारण ४० अंशांना उकळते. जळगावात मे महिन्यात दुपारी पारा ४३-४४ वर असतो, म्हणजे हे द्रव बाटलीतच उकळायच्या बेतात आलेले असते. ब्रश बाटलीतून काढून वाघिणीपर्यंत नेईतो निम्मे उडालेले असते. वरून चिकटल्यासारखे दिसते, आत पकड नसते. मग आपण दुसरा हात मारतो, तिसरा मारतो, आणि जादा सॉल्व्हंट एका बाजूच्या पट्टीत मुरते. ती बाजू वाळताना आकसते आणि चेसिस तिकडे ओढली जाते. ब्यूटॅनोन हे दुसरे सॉल्व्हंट जवळपास ८० अंशांना उकळते, त्यामुळे उन्हाळ्यात ते जास्त निभावते. दोन्हींच्या वाफा त्रासदायक आहेत. खिडकी उघडी ठेवूनच काम करा आणि लहान मुले आसपास असतील तर बाटली उघडूच नका.

यावर माझा उपाय वेळेचा आहे. खानदेशात मार्च ते जून चिकटवण्याचे काम सकाळी साडेपाच ते आठच्या आत उरकावे. दुपारी भाग कापा, कानस मारा, छिद्रे पाडा, वाटल्यास नुसते जुळवून बघा. पण चिकटवायला घेऊ नका.

दुसरे कारण कमी जणांच्या लक्षात येते. वाघिणीची बाजू जाड करायला दोन पातळ शीट एकमेकींवर चिकटवल्या की मधे सॉल्व्हंट अडकून राहते. ते हळूहळू बाहेर पडते आणि दोन-तीन आठवड्यांनी बाजू आत किंवा बाहेर वाकते. तिच्याबरोबर चेसिसही पिळली जाते. "बांधली तेव्हा सरळ होती, आता कशी घसरते?" या प्रश्नामागे बऱ्याचदा हेच असते. आतल्या शीटला चिकटवण्याआधी दोन मिलिमीटरची सात-आठ छिद्रे पाडा, म्हणजे वाफ आतून निघून जाते. आणि सॉल्व्हंट पूर्ण पृष्ठभागावर फासण्याऐवजी कडांना व मधे ठिपक्या-ठिपक्यांनी लावा.

तिसरे कारण उष्णतेचे, आणि ते थ्रीडी प्रिंट केलेल्या किटना फार भोवते. पीएलए हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात धुळ्याला किंवा चाळीसगावला उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत, पत्र्याच्या माळ्यावर किंवा डिकीत एवढी उष्णता सहज होते. एका मित्राने छापून आणलेल्या बीसीएनच्या (बंद वाघिणीच्या) छपराचा मधला भाग घरी येईपर्यंत बसलेला होता, आणि रस्त्यात फक्त जेवणापुरता थांबा झाला होता. असे भाग मागवायचे असतील तर पावसाळ्यानंतर मागवा, नाहीतर पीईटीजी किंवा एबीएसमध्ये छापून घ्या. साध्या इंजेक्शन मोल्ड किटचे पॉलिस्टायरीन ९५-१०० अंशांपर्यंत तग धरते, पण त्यावर रबर बँडचा किंवा क्लॅम्पचा ताण असेल तर कमी तापमानालाही ते हळूहळू वाकते. क्लॅम्प लावलेली वाघीण म्हणून कधीच पत्र्याखालच्या खोलीत रात्रभर सोडू नये.

कूलरचेही सांगायला हवे, कारण तो आपल्याकडे घरोघरी आहे. फेविक्विकसारखे सायनोअ‍ॅक्रिलेट हवेतल्या ओलाव्यावर वाळते. कोरड्या उन्हाळी हवेत ते वाळायला उशीर लावते, आणि आपण थांबत नसल्याने भाग सरकतो. कूलरसमोर बसलो तर उलट होते: ओलावा जास्त असल्याने ते पटकन धरते, पण भोवती पांढरी बुरशीसारखी साय येते. रंगाचा स्प्रेही कूलरसमोर पांढरट पडतो. कूलरची खोली नको आणि भर दुपारची गच्चीही नको; मधल्या खोलीत, पंखा बंद करून काम करा.

पीळ काढायचा की त्याच्यासोबत चालायचे?

पीळ ०.२ मिमीपर्यंत असेल आणि चेसिस पॉलिस्टायरीनची असेल तर तो काढता येतो. चाके काढा, चेसिस हाताला चटका बसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ६५-७० अंशांच्या, अर्धा मिनिट ठेवा. चिमट्याने काढा, उलट बाजूला किंचित पीळ द्या आणि काचेवर वजनाखाली पूर्ण गार होऊ द्या. रेझिनचे भाग या पद्धतीने फार चांगले सरळ होतात. पीएलएवर हे करू नका, ते हातातच आकार सोडते.

पीळ जास्त असेल किंवा गरम पाण्यानंतरही परत येत असेल तर त्याच्याशी झगडू नका. चेसिसला तीन आधारांवर उभी करा. तीन दगडांची चूल कितीही खाचखळग्याच्या जमिनीवर मांडा, डुलत नाही. वाघिणीलाही तेच लागू आहे. चारचाकी वाघिणीत एक ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा दांडा) जसा आहे तसा घट्ट राहू द्यायचा आणि दुसरा गाडीच्या मध्यरेषेवर डावीकडे-उजवीकडे झुलता करायचा.

त्यासाठी एका टोकाचे दोन्ही ॲक्सलगार्ड, म्हणजे ॲक्सल धरणारे ते खालचे काटे, धारदार पात्याने चेसिसपासून सोडवा. एक मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटची, चेसिसपेक्षा थोडी कमी रुंदीची पट्टी घ्या आणि ते काटे तिच्या दोन टोकांना पूर्वीच्याच अंतरावर चिकटवा. पट्टीच्या मध्यावर, गाडीच्या लांबीच्या दिशेने, पितळी नळीचा तुकडा बसवा. चेसिसच्या पोटाला त्या नळीतून सैल जाणारी तार दोन्ही टोके वाकवून लावा. आता हा ॲक्सल झुलतो. चाकापाशी अर्धा मिलिमीटर वर-खाली पुरे; त्याहून जास्त झुलू दिला तर भरलेली वाघीण वळणावर कलते. म्हणून पट्टीच्या दोन्ही कडांवर, चेसिसच्या पोटाला, शीटचे छोटे तुकडे लावून हालचाल आवरा. गाडीची उंची तीच राहायला हवी, म्हणून पट्टीच्या आणि नळीच्या जाडीएवढे काटे वरून तासून घ्यावे लागतात. हे काम एकदा शांतपणे केले की ती वाघीण पुन्हा त्या सांध्यावर घसरत नाही.

बोगीच्या, म्हणजे दोन्ही टोकांना फिरत्या चाकगाड्या असलेल्या वाघिणीत, बॉक्सएन असो वा टाकीची बीटीपीएन, हेच एका स्क्रूने साधते. एका बोगीचा स्क्रू असा आवळा की बोगी फक्त आडवी फिरेल, डुलणार नाही. दुसरीचा अर्धा फेरा सैल ठेवा, म्हणजे ती सगळीकडे डुलेल. दोन्ही घट्ट ठेवल्या तर पिळलेली चेसिस चाक उचलते. दोन्ही सैल ठेवल्या तर वाघीण झिंगल्यासारखी चालते. किटच्या कागदावर हे सहसा लिहिलेले नसते, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

मग चाके

पीळ नसेल किंवा काढून झाला असेल तरच चाकांकडे वळा. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजा. खऱ्या ब्रॉडगेजला ते १६०० मिमी असते आणि कॅरेज अँड वॅगनवाले ते गेज लावून तपासतात. आपल्याला ते १४.४ ते १४.५ मिमी हवे. कमी असेल तर चाक चेक रेलवर चढते, जास्त असेल तर फ्लँज क्रॉसिंगच्या टोकाला ठोकर मारते. चाक फिरवून तीन ठिकाणी मोजा, कारण तिरके बसलेले चाक एका जागी बरोबर आणि पलीकडे चूक दाखवते. सरकवताना चाक पिळत पिळत सरकवा. ठोकले तर प्लास्टिकच्या बुशला चीर जाते आणि मग ते कधीच एका जागी राहत नाही.

ॲक्सल एकमेकांना समांतर आहेत का, हे बघायची सोपी रीत: काचेचे एक टोक वहीवर टेकवून उतार करा आणि वाघीण वरून सोडा. ती सरळ आली पाहिजे. दर वेळी एकाच बाजूला वळत असेल तर त्या बाजूचे दोन ॲक्सल एकमेकांच्या जास्त जवळ आहेत. एक काटा सोडवून पुन्हा बसवण्याला दुसरा इलाज नाही.

वजन

अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संस्थेची शिफारस अशी: एचओच्या डब्याला २८ ग्रॅम मूळ, आणि लांबीच्या दर सेंटिमीटरला साधारण साडेपाच ग्रॅम. खरी बॉक्सएन कपलरसह १०.७ मीटर लांब, म्हणजे मॉडेल १२.३ सेंटिमीटर, तिला ९५ ग्रॅमच्या आसपास वजन हवे. आपल्याकडच्या घरगुती लेआउटला यापेक्षा थोडे कमी चालते, पण सगळ्या रेकला (एकत्र जोडलेल्या डब्यांना) सारखेच ठेवा. पुढे हलकी आणि मागे जड असली की वळणावर हलकी आतल्या बाजूला ओढली जाते.

वजनासाठी टायरवाल्याकडे मिळणाऱ्या, मागे चिकटपट्टी असलेल्या ५ आणि १० ग्रॅमच्या पट्ट्या उत्तम. त्या तळाशी, ॲक्सलच्या वर, दोन्ही बाजूंना सारख्या लावा. शिशाचे छर्रे वापरत असाल तर ते सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदात बसवू नका. शिसे आणि तो गोंद यांची हळूहळू प्रक्रिया होते, शिशावर पांढरा थर फुगतो आणि काही वर्षांत तो वाघिणीचे किंवा इंजिनाचे अंग फाडतो. छर्रे इपॉक्सीत बसवा.

वजन वाढवून पीळ झाकता येतो, म्हणून हा उपाय मी शेवटी सांगतो. जड वाघीण काही दिवस बरी चालते, पण त्या भाराने चेसिस आणखी बसते.

इंजिन घसरत असेल तर

विजेच्या डब्ल्यूएजी-५ किंवा डिझेलच्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनाच्या किटमध्ये तीन-तीन ॲक्सलच्या बोग्या असतात, आणि तिथे मधला ॲक्सल पाहायचा. तो केसभर जरी खाली असला तरी टोकाची चाके उचलली जातात. बोगी एकटी काचेवर ठेवून डुलवून बघा. टोकाची चारही चाके टेकायलाच हवीत, मधली थोडी वर असली तरी चालेल. डब्ल्यूडीएम-२ च्या ट्रायमाउंट बोगीत मधला ॲक्सल बरोबर मध्यावर नसतो, म्हणून बोगी कोणत्या तोंडाने बसते ते फोटोशी ताडून घ्या.

दुसरे म्हणजे वायर. बोगीकडून मोटारीकडे जाणारी वायर जाड असेल तर ती स्प्रिंगसारखी बोगीला एका बाजूला रेटते. इंजिन उजवीकडच्या वळणावर नीट आणि डावीकडे घसरत असेल तर पहिला संशय हिच्यावर घ्या. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे, जळगावात गोलाणी मार्केटला, केसासारखी बारीक मल्टीस्ट्रँड वायर मिळते. ती वापरा आणि थोडी लांब, वळसा देऊन ठेवा.

पाचोरा-जामनेर अरुंद मार्गाची गाडी बनवणाऱ्यांसाठी एवढेच: ७६२ मिमी गेज १:८७ ने ८.८ मिमी होते, म्हणून ९ मिमीचा एन गेजचा रूळ चपखल बसतो. पण तिथे चाकांची आतली मोजणी ७.५ मिमीच्या आसपास येते आणि फ्लँज अजून लहान असते. काचेची परीक्षा तिथे दुप्पट काटेकोरपणे करा. एक कागदही मावता कामा नये.

सगळे झाल्यावर वाघीण रेकच्या मधोमध जोडा आणि संपूर्ण रेक इंजिनाने मागे ढकलत त्याच सांध्यावरून न्या, यार्डात शंटिंग करतात तशी, अगदी हळू. ओढताना लपलेला दोष ढकलताना उघडा पडतो. पाच-सहा वेळा नीट गेली की वाघिणीच्या पोटाला पेन्सिलने तारीख, चाकांचे अंतर आणि काचेवर किती कागद मावले ते लिहून ठेवा. खऱ्या वाघिणीवरही शेवटच्या ओव्हरहॉलची तारीख रंगवलेली असते. पुढच्या मे महिन्यात तीच वाघीण पुन्हा काचेवर ठेवून तो आकडा बदलला आहे का, ते बघा.